चाळीस सेकंदांचं ऊन

न बांधलेल्या घरांचे फोटो काढणं हा माझा धंदा. म्हणजे नक्की काय करता, असं लोक विचारतात. मी सांगते, आर्किटेक्ट रेघा मारतो, त्या रेघा कुणाला कळत नाहीत, म्हणून मी त्यांचं कॉम्प्युटरवर घर उभं करते, त्यात सोफा ठेवते, भिंतींना रंग देते, खिडकीतून ऊन पाडते, आणि त्याचं असं चित्र काढते की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच कुणीतरी इथून उठून गेलंय. याला रेंडर म्हणतात. अशा घरातून कॅमेरा फिरवला की फिल्म होते. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे आणि माझ्या स्वतःच्या खोलीला अजून पडदे नाहीत.

ऑफिसात थ्रीडीची आम्ही दोनच माणसं, मी आणि जिला मी धाकटी म्हणते ती मुलगी. धाकटी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. कानात सदा हेडफोन, आणि कामाचा उरक असा की बघणाऱ्याला धाप लागावी. आमचं पटत होतं, फक्त ती एका सॉफ्टवेअरवर काम करायची आणि मी दुसऱ्यावर. रंगाचा नंबर एकच दिला तरी माझ्या चित्रातली भिंत आणि तिच्या चित्रातली भिंत एकमेकींना ओळख देत नसत. एकदा एकाच इमारतीची आमची दोन चित्रं एका गिऱ्हाइकापुढे गेली आणि त्यानं शांतपणे विचारलं, यातली आमची कुठली? साहेब, म्हणजे आमचे आर्किटेक्ट, त्या बैठकीतून आले ते तडक माझ्या टेबलापाशी. म्हणाले, यापुढे ऑफिसात एकच सॉफ्टवेअर. कुठलं ते तुम्ही ठरवा, तुम्ही मोठ्या आहात, महिनाभरात एका पानावर शिफारस लिहून द्या. मोठं असण्याचा उपयोग ऑफिसात एवढाच होतो.

उमेदवार तीन होते. पहिलं माझं, त्याला मी आजोबा म्हणते. उजेडाचा एकेक किरण कुठून निघाला, कशावर आपटला, आपटून किती मंदावला, सगळं ते मोजतं आणि एका चित्राला सात-आठ तास लावतं. आजोबांना आधी सगळी माहिती द्यावी लागते. घर पृथ्वीवर नेमकं कुठे आहे, उत्तर कुठल्या बाजूला, तारीख काय, वाजले किती. एवढं सांगितल्याशिवाय ते सूर्य उगवू देत नाहीत. दुसरं फुकटं. कुणीही उतरवून घ्यावं आणि वापरावं. त्यात माणसं चालवता येतात, झाडं हलवता येतात, पण कुठलं बटण कुठे दडवलंय ते शोधता शोधता नाकी नऊ येतात. तिसरं धाकटीचं, झटपट. कॅमेरा फिरवाल तसं चित्र समोर तयार. फिल्म म्हटली की आजोबांना एकेका सेकंदाची पंचवीस चित्रं काढावी लागतात, त्यात आठवडे जातात. झटपट तीच फिल्म चहा होईपर्यंत हातात ठेवतं.

तुलना करायची तर तिन्हींना एकच खोली द्यायला हवी. आमच्याच ऑफिसनं काढलेली एक चार मजली इमारत तेव्हा पुरी होत आली होती. तिच्यातलं तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर मी निवडलं. एक खोली, एका भिंतीला ओटा, समोर रुंद खिडकी. मॉडेल तयार आहे म्हणून हेच घेते, असं मी धाकटीला सांगितलं. खरं कारण बाबा होते.

बाबा मोजणी खात्यात होते. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत आणि हद्दीवरून भांडणाऱ्या भावाभावांना समजावत हिंडले. आई गेल्यावर दोन वर्षं ते एकटेच राहत होते, इथून सहा तासांवर, भाड्याच्या घरात, आणि ते घर आता मालकाला हवं होतं. दादा, माझा मोठा भाऊ, दुसऱ्या शहरात असतो. त्यानं बाबांसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. वहिनीनं स्वतः फोन करून बोलावलं होतं, नातवंडांनी खोलीच्या दारावर त्यांचं नाव रंगवून लावलं होतं. कुणाही शहाण्या माणसानं बाबांना तिकडेच पाठवलं असतं.

मला ते इथे हवे होते. का, ते लपवण्यात अर्थ नाही. माझं लग्न चार वर्षं टिकलं, मोडलं त्यालाही चौदा वर्षं होऊन गेली. संध्याकाळी घरी आले की दुसऱ्या सकाळपर्यंत मला माझाच आवाज ऐकू येत नाही. रविवारी मी भाजीवाल्याशी गरजेपेक्षा चार वाक्यं जास्त बोलते, तो बिचारा मान हलवत पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. दादाला मात्र मी भलतीच कारणं दिली. इथले डॉक्टर चांगले, इथली हवा कोरडी, तुमच्याकडे लिफ्ट बंद पडते. मला एकटीला करमत नाही, हे एक सोडून सगळं सांगितलं.

माझ्या खोलीत दोघांची सोय नव्हती, आणि बाबा म्हणाले, मुलीकडे पाहुण्यासारखं राहायचं नाही, मला माझं स्वतःचं दार हवं. तिसऱ्या मजल्यावरचं ते घर माझ्या ऑफिसच्या वाटेवर होतं. बाबांनी अट एकच घातली. सकाळी पेपर वाचताना गुडघ्यांवर ऊन आलं पाहिजे. त्यांचे गुडघे आयुष्यभर चालून कामातून गेले होते, आणि औषधापेक्षा त्यांचा उन्हावर जास्त भरवसा होता. भिंतींना कुठलाही रंग द्या म्हणाले, ऊन तेवढं बघा.

मी चाचण्या सुरू केल्या. आजोबांना मी त्या खोलीतली संध्याकाळ दिली, दिवे लागलेली, कारण दिव्याच्या उजेडात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नाही. चित्र सुरेख आलं. फुकट्याला ढगाळ दुपार दिली आणि खिडकीबाहेरचं झाड हलवायला लावलं. झाड हललं, पण त्यापायी माझा आठवडा गेला. राहिली सकाळ, ती झटपटच्या वाट्याला आली.

झटपटमध्ये सूर्य म्हणजे पडद्यावर एक पिवळा ठिपका. तो माऊसनं धरायचा आणि आकाशात वाटेल तिथे न्यायचा, खोलीतला उजेड त्याच्या मागे मागे येतो. उत्तर दिशा लावायची चकतीही त्यात होती, वरच्या कोपऱ्यात, शर्टाच्या बटणाएवढी. नव्या माणसानं कामाला हात घातला की मी पहिल्यांदा ओरडते ते आधी उत्तर लावा म्हणून. धाकटी तर माझी नक्कल करून दाखवते. त्या दिवशी मी त्या चकतीला हात लावला नाही. ठिपका धरला, खिडकीसमोर आणून सोडला, आणि खोलीत ऊन शिरलं. बाबा तिथे बसलेले मला दिसायला लागले. हवं ते समोर दिसत असताना तपासायला कोण जातं? खोटं दाखवायचं असं मी ठरवलं नव्हतं, हे खरं. पण तपासलं तर बिघडेल, अशी भीती कुठेतरी असणारच, नाहीतर एवढी साधी गोष्ट माझ्या हातून सुटती ना.

घर रिकामं दिसू नये म्हणून सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून तयार सामान टाकलं. फिल्म चाळीस सेकंदांची झाली. दार उघडतं, कॅमेरा ओट्यापाशी थोडा रेंगाळतो, वळतो, खिडकीपाशी येतो, आणि ऊन फरशीवरून सरकत सरकत पुढे येऊन थांबतं. मी ती बाबांच्या मोबाइलवर पाठवली, घराच्या कागदांबरोबर प्लॅनही पाठवला. दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. फिल्म बघितली, म्हणाले, येतो तिकडे. दादाला मीच कळवलं, आणि आवाजातला आनंद लपवायला मला बरंच खोकावं लागलं.

तीच फिल्म साहेबांनी बघितली. लागोपाठ दोनदा बघितली आणि म्हणाले, आता शिफारस कशाला लिहिता? मी तरी लिहिली, झटपट घ्यावं म्हणून, आणि खाली सही केली. ठरलं असं की वर्षभर सगळं काम झटपटवर करून बघायचं, आजोबांना तेवढं वर्ष शेजारी ठेवायचं, आणि मग एकाला कायमची रजा द्यायची.

चार महिन्यांनी बाबा आले. दोन ट्रंका, एक पलंग, आईचं शिवणयंत्र. पहिल्या रविवारी मी दिवसभर त्यांच्याकडे होते, डबे लावले, दिवे बसवले, शेजाऱ्यांच्या ओळखी करून दिल्या. त्या दिवशी सकाळपासून ढग होते. पुढचे रविवार मी अकराच्या सुमाराला जायचे, आणि अकरा वाजता कुठल्याही खिडकीत ऊन नसलं तरी कुणाला शंका येत नाही. बाबा कशाबद्दल काही बोलत नव्हते. ते एकूणच कमी बोलणारे, त्यामुळे मी निश्चिंत होते.

मग एका बुधवारी ऑफिसला जाता जाता त्यांच्या गोळ्या द्यायला म्हणून साडेआठला गेले. जिना चढताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बाबा दिसले. पायरीवर चौपदरी घडीची चादर टाकून बसले होते, पायजमा गुडघ्यांच्या वर दुमडलेला, हातात पेपर. जिन्याच्या छोट्या खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर पडत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशवी घेऊन उतरत होत्या, त्या सवयीनं त्यांना वळसा घालून गेल्या. त्या सवयीवरून मला कळलं की हे आजचं नाही.

मला बघून बाबा ओशाळले. इथे बरं वाटतं, म्हणाले, वाराही येतो. मी गोळ्या ठेवायला वर गेले. खोलीत दिवा लावलेला होता. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि बाहेर बघितलं, समोरच्या इमारतीची भिंत, त्या भिंतीवर पडलेल्या सावल्या. आणखी काही तपासायची गरज नव्हती. खिडकी उत्तरेची होती. आमच्याच ऑफिसनं काढलेल्या इमारतीची उत्तर मला माहीत नव्हती.

ऑफिसात गेल्यावर मी आजोबांना उठवलं. घर कुठे आहे ते सांगितलं, उत्तर लावली, समोरची इमारत उभी केली, आणि बारा महिन्यांच्या बारा सकाळी काढायला दिल्या, प्रत्येक महिन्याची पंधरा तारीख, वेळ साडेआठ. चार दिवस ते राबत होते. बारा चित्रं आली, बाराहींमध्ये तीच ती राखाडी खोली. वेळ आणखी लवकरची लावून बघितली तर भर उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीला एक तिरीप लागत होती, तेवढीच. धाकटीनं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, हे कुणाचं घर? मी म्हटलं, जुनं काम आहे.

तेव्हाच बाबांना सांगून टाकायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. सांगितलं तर ते म्हणतील, मग मी इथे कशाला? आणि त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं धाडस नव्हतं. बाप सत्तर ओलांडलेला, गुडघे धरलेला, त्याला मी नातवंडांकडे जाऊ न देता एका सावलीच्या खोलीत आणून ठेवला होता, तेही स्वतःला करमावं म्हणून. लाज वाटत होती, साधी, उघडी लाज.

आणि लाजेनं जे होतं तेच झालं. मी जाणं कमी केलं. त्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लागलेला बघवत नव्हता, जिन्यावरून जाताना ते वळण चुकवता येत नव्हतं. अकराची मी साडेबाराला जायला लागले. तिथे टेकायचं, गोळ्या मोजायच्या, बिलं भरली का विचारायचं आणि अर्ध्या तासात निघायचं. कधी कामाचं निमित्त, कधी डोकेदुखीचं. ऑफिसच्या वाटेवर ती इमारत रोज लागायची. मी बसमध्ये रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बसायचे. ज्यांना एकटेपणा घालवायला म्हणून आणलं, त्यांच्या दारावरून रोज दोनदा जात होते, आणि आता आम्ही एका शहरात दोघं एकटे होतो. पूर्वी निदान अधूनमधून फोन तरी करायचो. जवळ राहायला आल्यापासून तोही बंद झाला होता.

ठरलेलं वर्ष असं सरत आलं. साहेबांनी आठवण करून दिली की महिनाअखेर आजोबांचं लायसन्स संपतंय, काय ते पक्कं लिहून द्या. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, बाबांनी विचारलं, ती खोली अजून रिकामी आहे का. तिकडे काही झालंय का गं? मी म्हटलं, काही नाही. आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिफारस लिहायला बसले. रागाच्या भरात आजोबांच्या बाजूनं अर्धं पान खरडलं. झटपट खोटं बोलतं, सूर्याला नाचवतं, वगैरे. मग ते पान फाडलं. झटपटनं काय केलं होतं? चकती होती, मी हात लावला नव्हता. आजोबांनी मला आधी दिशा विचारली असती, एवढंच, आणि ज्याला ऐकायचंच नाही त्याला विचारून तरी काय. मी लिहिलं, झटपटच ठेवावं, काम नीट होतं आणि दोघींचं एकसारखं होतं. फक्त उत्तर लावून दुसरीनं तपासल्याशिवाय कुठलीही फिल्म ऑफिसबाहेर जाऊ नये. उदाहरण म्हणून माझी चाळीस सेकंदांची फिल्म आणि त्याच खोलीच्या बारा सकाळी जोडल्या. चूक माझी, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं, या घरात कोण राहतं? मी म्हटलं, माझे वडील. ते म्हणाले, उद्या सकाळी उशिरा आलात तरी चालेल.

मी आठ वाजता तिथे पोचले. बाबा जिन्याच्या वळणावरच होते. मला बघून पेपर खाली ठेवला आणि दचकून विचारलं, काय झालं, आज कशी? मी सांगणार, त्याच्या आधी तेच म्हणाले, तुला रविवारी सांगणार होतो, दादाला मी हो म्हटलंय. एक तारखेला तो न्यायला येईल. त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं की जणू शेजारच्या दुकानात जाऊन येणार होते.

"बाबा, खिडकीत ऊन येत नाही," मी म्हटलं. "त्या फिल्ममध्ये मी चुकीचं दाखवलं. दिशा तपासली नाही. कितीतरी महिने मला माहीत होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

ते रागावतील, निदान गप्प होतील, असं वाटलं होतं. त्यांनी नुसता खाली ठेवलेला पेपर उचलून आणखी एकदा दुमडला.

"उत्तरेची आहे ना ती," बाबा म्हणाले. "प्लॅनवर बाण होता की."

"म्हणजे यायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, जन्म गेला माझा तो बाण बघण्यात. फिल्म बघितली, प्लॅन बघितला. म्हटलं, पोरीनं ऊन भलतीकडून आणलंय."

"मग आलात कशाला?"

त्यांनी पायजमा गुडघ्यांवरून खाली ओढला.

"खिडकीपाशी तू दोन खुर्च्या ठेवल्या होत्यास," ते म्हणाले. "मधे टेबल, टेबलावर दोन कप. दोन्हींतून वाफ येत होती. दोन दिवस मी तेच बघत होतो. म्हटलं, उन्हाचं राहू दे. ही ऑफिसला जाता जाता येत जाईल सकाळची. वाटेवरच आहे तिच्या."

त्या खुर्च्या मी ठेवल्या नव्हत्या. म्हणजे ठेवल्या होत्या, पण लायब्ररीत बैठक क्रमांक सात म्हणून एक चित्र असतं, त्यावर क्लिक केलं की दोन खुर्च्या, टेबल, कप, वाफ, सगळं मिळून येतं. एकच खुर्ची हवी असेल तर तो संच उघडून दुसरी काढावी लागते. त्याला मिनिटभर लागलं असतं, आणि मी सगळा वेळ उन्हाकडे बघत होते. ती दुसरी खुर्ची कुणाची, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. इतके महिने मी उन्हापायी तोंड लपवत होते, आणि तितकेच महिने बाबा त्या खुर्चीकडे बघत होते.

उन्हाची चूक कबूल करायला मी हिंमत करून आले होते. ही कबूल करता येईना.

"मी आणलेले आमचे दोन कप तर तू पहिल्याच रविवारी वरच्या फळीवर ठेवलेस," बाबा म्हणाले, तक्रार म्हणून नव्हे, आठवलं म्हणून. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ती दुसरी तुझी नव्हती का?"

"माझीच होती," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली.

"मग बसायचंस की," ते म्हणाले.

त्यांनी चादर सरकवून शेजारी जागा केली. मी बसले. एक तारखेला अकरा दिवस होते. ऊन जिन्यात सव्वानऊपर्यंत राहिलं, तोवर आम्ही दोघंही तिथेच बसून होतो.